बाळ येशूची मान

इब्रामपूरचे यशवंत गावस सर लोकांवर रागवायचे नाहीत. त्यांना लोकांची कीव यायची. राग बरोबरीच्या माणसाचा येतो, आणि सरांच्या मते गावात बरोबरीचं कुणी नव्हतं. साखळीच्या एका हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. रोज बसमध्ये चढताना पुढच्या काचेला टांगलेलं लिंबू-मिरची बघायचं आणि चालकाला विचारायचं, "ब्रेक लिंबाला जोडलाय का?" चालक बदलले, बस बदलली, विनोद तोच राहिला. निवृत्त झाल्यावर तो ऐकवायला बस उरली नाही, तेव्हा तो सगळा घरात बायकोच्या वाट्याला आला.

बायको आनंदी दोडामार्गाकडची. शिकलेली सातवीपर्यंत, बोलायला कमी. भात कापून झालं की ती शेताच्या बांधावर सातवणीच्या झाडाखालच्या, शेत राखणाऱ्या राखणदाराच्या दगडाला तांदळाचा रोट, नारळ आणि विडा ठेवून यायची. घरात काही मोठं कार्य निघालं की आधी तिथे विडा. ती परतली की सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "जेवला का तुमचा वॉचमन?" सर घरातही शुद्ध बोलायचे. आनंदी उत्तर देत नसे. सरांना वाटायचं, तिला उत्तर सुचत नाही.

एकुलती मुलगी सेजल नर्सिंग शिकली आणि आयर्लंडला गेली. तिथे लेट्रिम नावाच्या जिल्ह्यात, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात तिला नोकरी मिळाली. राहायला खोली मिळाली ती एका शेतकरी विधवेच्या घरात. बाईचं नाव पेगी. दोन वर्षांनी सेजलने फोन करून सांगितलं की पेगीच्या मुलाशी, डेक्लनशी, ती लग्न करणार आहे. तो गाई पाळतो आणि दुधाचा टँकर चालवतो.

गावाला वाटलं, सर आकांडतांडव करतील. सरांनी उलट छाती पुढे काढली. साखळीच्या बँकेत, सलूनात, पंचायतीत ते सांगत सुटले की मुलगी युरोपात पडतेय. तिकडे माणसं विचार करतात. तिकडे कुणी देवाला कौल लावत बसत नाही, कुणी दृष्ट काढत नाही. त्या घराबद्दल त्यांनी सेजलला एकही प्रश्न विचारला नाही. युरोप त्यांना पुस्तकातून ठाऊक होता.

आनंदीने मात्र विचारलं होतं, आणि सेजलने सगळं सांगितलं होतं. पेगीच्या स्वयंपाकघरात येशूचं चित्र आहे, छातीवर उघडं हृदय, आणि त्याच्याखाली तांबडा दिवा दिवसरात्र जळतो. एकदा त्याचा बल्ब गेला, तर तिने डेक्लनला बर्फातून अठरा किलोमीटर गाडी हाकत नवा आणायला पाठवलं. दाराच्या चौकटीला पवित्र पाण्याची वाटी असते. बाहेर जाणाऱ्याने त्यात बोट बुडवून कपाळाला लावायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावायचा, म्हणजे घराला आग लागत नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी चुलीतली राख किंवा दूध घराबाहेर द्यायचं नाही. आणि शेताच्या मधोमध एक काटेरी झाड आहे. तीन पिढ्या त्याला वळसा घालून नांगरतात, कारण ते 'त्यांचं' आहे. ते म्हणजे जमिनीखाली राहणारे अदृश्य लोक, पण त्यांचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही.

आनंदीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांका खावक काय घालतत?"

सेजल म्हणाली, पूर्वी बशीत दूध ठेवायचे म्हणे.

"मग घर बरा असा," आनंदी म्हणाली. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात ठरलं. पेगी आणि डेक्लन चार दिवस आधी आले. सेजल आधीच घरी होती. सर तिला घेऊन मोपाच्या विमानतळावर गेले. भाड्याची गाडी होती आणि चालक संदीप, सावंतवाडीकडचा पोरगा. सरांनी स्वागताचं इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. त्यात युरोपातल्या ज्ञानाच्या परंपरेचा उल्लेख होता.

पेगी एकाहत्तर वर्षांची, जाड हाडाची बाई. हात गाईंच्या सडांवर आयुष्य गेलेले. तिने सरांचं वाक्य मान डोलावत ऐकलं, मग पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली. बाटलीचा आकार मेरी मातेचा होता आणि निळा मुकुट हे तिचं बूच. मुकुट पिरगाळून तिने गाडीच्या बॉनेटवर पाणी शिंपडलं, चारही चाकांवर शिंपडलं, शेवटी संदीपच्या डोक्यावर. संदीपने हात जोडले.

"आता गाडयेक काय जावचा नाय," तो समाधानाने म्हणाला.

सर मागच्या सीटवर बसले. संदीप उद्या हे सगळ्या स्टँडवर सांगणार, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

घराच्या उंबऱ्याशी पेगी थांबली. तिने सवयीने चौकटीकडे हात नेला, तिथे वाटी नव्हती, हात तसाच राहिला. तेवढ्यात आनंदी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. पेगीला कुणी काही समजावलं नाही, तरी ओवाळून होईपर्यंत ती डोळे मिटून स्तब्ध उभी राहिली आणि मग उजवा पाय आत टाकला. सर तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

त्या संध्याकाळी पेगीने लोकरी स्वेटरात गुंडाळलेली मूर्ती मेजावर ठेवली. हातभर उंचीचा, प्लास्टरचा बाळ येशू. डोक्यावर मुकुट, अंगावर तांबडा झगा, एका हातात पृथ्वीचा गोळा, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर. मानेभोवती पिवळट रेघ होती, जुन्या डिंकाची. ही मूर्ती पेगीच्या आईची. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती बाहेर झुडपाखाली ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाऊस लागत नाही. सेजलने हे सगळ्यांना समजावून सांगितलं. डेक्लनचे कान लाल झाले होते, पण आईला त्याने अडवलं नाही. आमच्याकडे सगळेच ठेवतात, एवढं तो म्हणाला. घरात जमलेल्या बायकांनी मूर्ती हातात घेऊन पाहिली आणि बाळकृष्णासारखीच आहे असं ठरवलं. सरांनी नाकातून हवा सोडली.

पावसाची काळजी खरीच होती. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. सरांचे थोरले भाऊ विठ्ठल म्हणत होते की अंगणातल्या मांडवावर दोडामार्गाहून पत्रे आणून टाकू. सरांनी मोबाइल काढून दाखवला. त्यात पावसाची शक्यता चाळीस टक्के होती.

"चाळीस म्हणजे न पडण्याची साठ," सर म्हणाले. "कापड पुरे. अंदाज वाचायला शिका."

विठ्ठल चौथी शिकलेले. मांडवावर कापडच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना सरांनी पेगीला कमी दाबाचा पट्टा समजावून सांगितला. भाताच्या ढिगाचा समुद्र केला, आमटीचे वारे केले. पेगीने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, आमच्याकडे रेडिओवर रोज सांगतात, मी ऐकते, आणि बाळालाही बाहेर ठेवते. सरांनी कीव आल्यासारखं हसून विचारलं, यातलं लागू काय पडतं? ज्याची पाळी असेल ते, पेगी म्हणाली. मग तिने विचारलं की पाऊस येऊ नये म्हणून सर स्वतः काय करतात. सरांनी सांगितलं की काहीच नाही, जे माणसाच्या हाती नाही त्याबद्दल काही करायचं नसतं. पेगीने मान वर करून मांडवाच्या कापडाकडे पाहिलं आणि पुन्हा जेवू लागली.

सरांना ते पाहणं फार लागलं. दुपारी त्यांनी सेजलला विहिरीपाशी गाठलं.

"आठ हजार किलोमीटर विमानातून प्लास्टरचा बाहुला घेऊन आलेली बाई," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तू यातून सुटलीस. तू तर तशाच खड्ड्यात जाऊन पडलीस. तो थंड हवेतला आहे इतकंच."

सेजल केस वाळवत होती. तिने टॉवेल खांद्यावर टाकला.

"मी कशातून सुटायला गेले नव्हते, पप्पा. मी पगारासाठी गेले होते."

लग्नाच्या आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आधी पेगीने मूर्ती अंगणाच्या कडेला, अबोलीच्या झुडपाखाली ठेवली आणि ओठातल्या ओठात काही म्हटलं. आनंदीने झुडपाचीच दोन फुलं खुडून मूर्तीपुढे ठेवली. देवकार्याच्या घरात ख्रिस्तावांची मूर्ती कशी, असं एका चुलत सुनेने कुजबुजून पाहिलं. विठ्ठलनी तिला तिथेच गप्प केलं. "देव तो देव. आपल्या गावचो नाय म्हणान काय झाला?"

सकाळी सहाला सर उठून अंगणात आले. धुकं होतं, आकाश तसं स्वच्छ. त्यांनी मोबाइलवर अंदाज पाहिला. मग अबोलीखालची मूर्ती पाहिली. लग्नाला साखळीहून जुने मुख्याध्यापक येणार होते, शाळेतले सहकारी येणार होते. ज्या माणसांसमोर सरांनी तीस वर्षं अंधश्रद्धेवर भाषणं दिली, ती आता ह्या बाहुल्याजवळून चालत मांडवात शिरणार. सरांनी मूर्ती पाण्याच्या टाकीमागे हलवायचं ठरवलं. एका हातात मोबाइल होता. दुसऱ्या हाताने त्यांनी मूर्ती मानेखाली धरून उचलली. दवाने प्लास्टर निसरडं झालं होतं. ती सुटली आणि चिऱ्याच्या पायरीवर आपटली.

बाकी काही फुटलं नाही. फक्त डोकं निघालं. ते मुकुटासकट घरंगळत गटारीच्या काठापर्यंत गेलं आणि तोंड वर करून थांबलं.

सरांनी ते उचलून त्याच्यावरचं दव पुसलं.

"कॅल्शियम सल्फेट," प्लास्टरचं रासायनिक नाव ते मोठ्याने म्हणाले. आजूबाजूला कुणी नव्हतं. नाव घेऊन भीती गेली नाही. लग्नाच्या दिवशी, आपल्या हातून, देवाची मान मोडली. त्यांना विठ्ठलचं पहिलं लग्न आठवलं. तेव्हा मांडवातला कलश कलंडला होता आणि ती वहिनी वर्षाच्या आत गेली. ती टायफॉइडने गेली हे सरांनी वर्गात कितीदा सांगितलं होतं. योगायोग आणि कारण यांतला फरक शिकवायला ते उदाहरण त्यांना फार सोयीचं पडायचं. त्या सकाळी टायफॉइड आठवेना. वहिनीचा चेहरा तेवढा आठवला, आणि त्याच्या जागी सेजलचा.

त्यांनी घरातून झटकन चिकटणारा डिंक आणला आणि टाकीमागे उकिडवं बसून डोकं जागेवर लावलं. डोकं जरा वाकडं बसलं. आधी बाळ समोर बघत होता, आता विहिरीकडे बघू लागला. सरांनी मूर्ती अबोलीखाली परत नेऊन ठेवली, फुलंसुद्धा पुन्हा मांडली. तरी भीती होतीच.

मग त्यांनी जे केलं ते सांगताना हसावं की थुंकावं कळत नाही. मांडवातल्या राशीतून त्यांनी एक नारळ उचलला, तो सदऱ्याखाली लपवला आणि भिंतीच्या कडेकडेने शेतावर गेले. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. सातवणीखाली राखणदाराच्या दगडासमोर ते गुडघ्यावर बसले आणि नारळ ठेवला. पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. लोक देवाला गाऱ्हाणं घालत तेव्हा ते कायम टिंगल करत आले होते, त्यामुळे शब्द कानांवर पडूनही आत गेले नव्हते. शेवटी त्यांनी शिक्षणाधिकाऱ्याला अर्ज करावा तसं म्हटलं, माझ्या मुलीच्या संसारास कोणतीही बाधा पोहोचू नये, ही नम्र विनंती.

मागे पाचोळा वाजला. आनंदी उभी होती. हातात विडा. कार्याच्या दिवशी पहिला मान राखणदाराचा, म्हणून ती दरवेळेसारखी आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं.

"शेंडी देवाकडे करून ठेवतत," ती म्हणाली.

सरांनी नारळ फिरवला.

तिने विडा ठेवला, एका दमात आपलं गाऱ्हाणं म्हटलं आणि मागे न बघता निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सरांनी चांगलं ओळखलं. नापास मुलांच्या आईबापांकडे ते स्वतः तसंच बघायचे.

नऊच्या सुमारास पेगी निळी टोपी घालून तयार होऊन बाहेर आली आणि थेट अबोलीपाशी गेली. मूर्ती उचलली, मान निरखली, अंगठ्याने डिंक घासून पाहिला आणि सेजलला हाक मारली. सेजल मुंडावळ्या बांधून घेत होती, ती तशीच आली. पाठोपाठ बायका आल्या, विठ्ठल आले, डेक्लन आला. हे चिकटवलं कुणी, पेगी विचारत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. आपली गाय दुसऱ्याने चोरून दुहावी तशी ती चिडली होती.

सेजलने सगळ्यांना उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे लग्नाच्या वेळी बाळाचं डोकं आपोआप निघालं, तर त्याहून चांगला शकून नाही. पेगीच्या लग्नात निघालं होतं, तिचा संसार सुखाचा झाला. तिच्या बहिणीच्या लग्नात नाही निघालं, तिचा नवरा दारुडा निघाला. मुद्दाम मोडलेलं चालत नाही. आणि मोडलेलं डोकं नवराबायको एका छपराखाली राहायला लागेपर्यंत परत जोडायचं नाही. जोडलं की शकून गेला.

विठ्ठलनी हे दोनदा विचारून घेतलं. आपल्याकडे मूर्ती भंगली की ती पाण्यात सोडतात, आणि हे लोक आनंद करतात. बायकांत वाद सुरू झाला. मांडववाल्या मुलांना विचारलं, त्यांनी हात लावला नव्हता. संदीपने मांजरावर संशय घेतला, पण मांजर डिंक लावत नाही हे त्यालाच लगेच पटलं.

सर खांबाला टेकून उभे होते. एरवी कदाचित निभावलं असतं. पण सेजल त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट पांढऱ्या कडक पापुद्र्याने भरलं होतं.

"पप्पा, हात दाखवा."

सरांनी हात दाखवला नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं. मग त्यांनी इंग्रजीत कबूल केलं की मूर्ती त्यांच्या हातून सुटली आणि टाकीमागे बसून त्यांनीच ती चिकटवली. सुटली की टाकली, पेगीने विचारलं. सुटली. उचलली कशाला होती? साखळीचे पाहुणे हसतील म्हणून, हे उत्तर तिथे देता येण्यासारखं नव्हतं. सरांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"पाऊस आला असता तर भिजली असती म्हणून."

पहिल्यांदा डेक्लन हसला. सेजलने भाषांतर केल्यावर विठ्ठल हसले, आणि मग हसू बायकांतून मांडववाल्या मुलांपर्यंत गेलं. पाऊस थांबवायला ठेवलेली मूर्ती पावसात भिजेल म्हणून आत घेणारा माणूस, तोही ज्याने चार दिवस सगळ्यांना पाऊस नाही म्हणून सांगितलं, तो विज्ञानाचा मास्तर. पेगी हसली नाही. तिने न्यायाधीशासारखा विचार केला आणि निकाल दिला. मुद्दाम पाडली नाही, तेव्हा मोडली ती आपोआपच. चिकटवणाऱ्याला काही कळत नव्हतं, तेव्हा चिकटवणं धरायचं नाही. तिने डेक्लनला खूण केली. त्याने डोकं धरून एक हिसका दिला. ते बोंडासारखं हातात आलं. सरांना डिंकही नीट लावता आला नव्हता. पेगीने डोकं मूर्तीच्या पायांशी ठेवलं आणि खूश होऊन आत गेली.

सरांना हायसं वाटलं. भीती गेली, आणि ती कशाने गेली हे कळून त्यांना स्वतःची शिसारी आली. लेट्रिमच्या गवळणीने प्लास्टरच्या तुकड्याबद्दल दिलेल्या निकालावर आपण श्वास सोडला.

सगळे पांगले तरी सेजल थांबली होती. ती एकटीच हसली नव्हती.

"आई मानते ते उजेडात मानते," ती म्हणाली. "तुम्ही तिला जन्मभर हसलात आणि तुम्हाला टाकीमागे बसावं लागलं."

ती आत निघून गेली. मुंडावळीची एक लड तिच्या खांद्यावर लोंबत होती. सरांनी ती सरळ करायला हात पुढे केला, पण ती तोवर उंबऱ्यात पोचली होती.

मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता. लख्ख उन्हात अक्षता पडल्या. डेक्लनचं नाक भाजून लाल झालं. पेगी पहिल्या रांगेत आनंदीचा हात धरून बसली होती. भटजी संस्कृतात काय म्हणतात ते तिला कळत नव्हतं, तसं बाकीच्यांनाही कळत नव्हतं.

दुसरी पंगत बसली तेव्हा तिळारीच्या घाटाकडून ढग आले. वारा सुटला, थेंब पडले, आणि पाच मिनिटांत मांडवाचं कापड म्हशीच्या पोटासारखं खाली लोंबू लागलं. विठ्ठल काठीने पाणी उतरवायला धावले. त्याआधीच एक शिवण उसवली आणि सगळं पाणी तिसऱ्या रांगेवर कोसळलं. तिथे साखळीचे मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या पानातली आमटी त्यांच्या धोतरावर आली. माणसं पानं हातात धरून ओसरीकडे पळाली. पत्रे का नाही घातले, असं जो तो एकमेकाला विचारू लागला, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी ते सांगितलं.

पेगी ओसरीवर हातात वाडगा घेऊन खात बसली होती. सेजलने तिला काहीतरी विचारलं. पेगीने शांतपणे उत्तर दिलं की लग्न कोरडं लागलं, आणि जेवणाचं तिने मागितलं नव्हतं.

सरांकडे याला उत्तर होतं. लागू पडलेलं मोजायचं आणि चुकलेलं सोडून द्यायचं, अशाच रीतीने माणूस स्वतःला फसवतो. नववीच्या वर्गाला ते हा धडा दरवर्षी द्यायचे. उत्तर बरोबर होतं. त्या दिवसभरात त्यांच्या डोक्यात आलेली ती एकच बरोबर गोष्ट होती. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं.

आनंदी ओसरीच्या टोकाला भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने डाव पातेल्यात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाला आठी नाही, काही नाही. नुसती काय म्हणतात ते ऐकायला थांबली.

सरांनी तोंड मिटलं आणि पावसात उतरून मांडवाचा एक कललेला बांबू धरला. तो धरायची तशी गरज नव्हती, मांडव उरलाच नव्हता. पण आत जाऊन बसायला त्यांना जागा सुचली नाही. अर्धा तास ते भिजत उभे राहिले. कुणीतरी संदीपकरवी छत्री पाठवली. ती पेगीने पाठवली होती हे कळल्यावर त्यांनी ती उघडली नाही.

लग्नानंतर सहाव्या दिवशी पाहुणे सेजलला घेऊन गेले. निघताना पेगीने आनंदीला मेरी मातेची बाटली दिली. आनंदीने ती देव्हाऱ्यात गंगाजळाच्या तांब्याशेजारी ठेवली. सरांनी पाहिलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

पण ते सुधारले असं कुणी समजू नये. डिसेंबरात साखळीच्या चहाच्या दुकानात त्यांनी लग्नाची हकिगत सांगितली. विहीण मनाने चांगली, पण मागासलेली. मूर्ती मांजराने पाडली. बायका घाबरल्या, तेव्हा त्यांनी स्वतः कॅल्शियम सल्फेटचं रसायन समजावून सगळ्यांची भीती घालवली. संदीप कोपऱ्यात उंडा पाव चहात बुडवून खात होता. त्याने सरांचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, शेवटचा घास गिळला आणि गाडीकडे गेला. त्याच्या मागोमाग दुकानातले दोघे तोंडावर रुमाल धरून बाहेर पडले.

सेजलचा फोन रविवारी येतो. आईशी ती तासभर बोलते. गाई, राखणदार, पेगीच्या गुडघ्याचं दुखणं, फेब्रुवारीत विणायचा क्रूस, सगळं. मधूनच आनंदी खळखळून हसते. तशी ती या घरात पूर्वी हसत नसे. मग फोन सरांकडे येतो.

"हवा कशी आहे तिकडे?" सर विचारतात.

"पाऊस आहे, पप्पा."

"इकडे नाही," सर म्हणतात आणि फोन आनंदीला परत देतात.